लॅपटॉपवर माउस न वापरता काम भराभर उरकायला कोणते कीबोर्ड शॉर्टकट शिकावेत?

कॉपी-पेस्ट सगळ्यांनाच येतं, ते सोडून देऊ. विंडोज १० किंवा ११ असेल तर आधी विंडोज + व्ही शिका. पहिल्या वेळी ते चालू करायचं बटण दाबावं लागतं. मग कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी यादीत दिसतात, हवी ती निवडायची. रीस्टार्ट केलं की यादी पुसली जाते, म्हणून रोज लागणारा पत्ता किंवा ठरावीक मजकूर पिन करा. पासवर्ड मात्र तिथे राहू देऊ नका.

स्क्रीनचा हवा तेवढाच तुकडा टिपायला विंडोज + शिफ्ट + एस. ब्राउझरमध्ये चुकून बंद झालेला टॅब परत आणायला कंट्रोल + शिफ्ट + टी. मराठी-इंग्रजी अदलाबदल विंडोज + स्पेसबारने होते, पण मराठी कीबोर्ड आधी सेटिंग्जमध्ये जोडलेला हवा.

फाइलचं नाव बदलायला एफ२ दाबलं आणि भलताच आवाज किंवा उजेड कमी-जास्त झाला? लॅपटॉप बिघडलेला नाही. वरच्या रांगेतल्या कळांना कंपनीने ती कामं दिलेली असतात. एफएन धरून एफ२ दाबा. बऱ्याच मॉडेलांवर एफएन + एस्केप दाबून, एफएन न धरताच एफ२ चालेल अशी अदलाबदल कायमची करता येते.