बाबांसाठी 'येस मिनिस्टर'चा डीव्हीडी संच घ्यावा का?

बाबा मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीची भेट म्हणून 'येस मिनिस्टर' या मंत्री आणि नोकरशाहीवरच्या जुन्या ब्रिटिश विनोदी टीव्ही मालिकेचा संच द्यायचाय, भाऊ लंडनहून येताना आणू शकतो, आणि घरात मात्र 'आजकाल डीव्हीडी कोण बघतं' असा सूर. तुमचा प्रश्न मला असा समजलाय. माझं मत: आणा. पण आणायच्या आधी चार गोष्टी बघून घ्या.

नावाची गफलत होते, ती आधी सांगतो. 'येस मिनिस्टर' म्हणजे १९८० ते ८४: २१ भाग, आणि १९८४च्या नाताळातला एक तासाभराचा खास भाग, ज्यात मालिकेतले मंत्री हॅकरसाहेब पंतप्रधान होतात. त्यापुढचं 'येस प्राइम मिनिस्टर', १९८६ ते ८८, १६ भाग. एकूण ३८. खोक्यावर दोन्ही नावं असतील तरच तो पूर्ण संच. नुसतं पहिलं नाव असेल तर बाबांना हॅकर पंतप्रधान झालेले दिसतील आणि गोष्ट तिथेच संपेल.

दुसरं रीजनचं, म्हणजे डीव्हीडीसाठी केलेल्या जगाच्या विभागांचं. एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालत नाही. इंग्लंडच्या डीव्हीडी रीजन २च्या, आपल्याकडचे प्लेअर रीजन ५चे. मी पहिल्यांदा मागवला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. खोकं फोडलं, चहा ठेवला, सगळे सोफ्यावर बसले आणि पडद्यावर एक ओळीची सूचना आली की ही तबकडी इथे चालणार नाही. लॅपटॉपच्या ड्राइव्हचा रीजन बदलता येतो, पण साधारण पाचच वेळा. मग तो शेवटच्या रीजनवर कायमचा अडकतो. त्यापेक्षा सगळे रीजन चालवणारा प्लेअर घ्या. अमेरिकेतला संच स्वस्त दिसला तरी नको. मूळ चित्रण पॅल या टीव्ही पद्धतीचं, तिकडे ते एनटीएससी या अमेरिकन पद्धतीत बदललेलं असतं, त्यात चित्र आणखी मऊ होतं. आपल्याकडे आणि इंग्लंडात पॅलच, त्यामुळे तिथली तबकडी बरी.

चित्र फार सुंदर असेल ही अपेक्षाच ठेवू नका. बहुतेक सगळं स्टुडिओत, प्रेक्षकांसमोर, व्हिडिओ टेपवर घेतलेलं आहे. जास्त पैसे मोजून त्याचं काही वेगळं होत नाही. फक्त टीव्हीची सेटिंग ४:३ (जुन्या टीव्हीच्या चौकोनी आकाराची) करून द्या, नाहीतर मंत्र्याचे सचिव सर हम्फ्री यांचा चेहरा भाकरीसारखा पसरतो.

मग घ्यायचं कशासाठी? वाक्यांसाठी. या मालिकेत घडत काहीच नाही. तीन-चार खोल्या, खुर्च्या, फायली आणि बोलणं. सर हम्फ्री झालेले नायजेल हॉथॉर्न एका दमात असं वाक्य बोलतात की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात काय होती ते पॉल एडिंग्टनचा मंत्री विसरतो, आणि आपणही. ते वाक्य पुन्हा ऐकावंच लागतं. ज्या माणसाने तीस वर्षं नस्तीवर 'चर्चा करावी' असे शेरे वाचले, त्याला त्यातली गंमत आपल्यापेक्षा जास्त कळते.

माझे सासरे जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात होते. दुसऱ्या सत्रात एक इस्पितळ आहे: पाचशेच्या आसपास प्रशासकीय आणि इतर कर्मचारी, पेशंट एकही नाही, आणि तरी उत्तम चाललेलं. मी हसून लोळतोय आणि सासरे गंभीर. म्हणाले, "अहो, जरा मागं घ्या." मागे घेतलं. पुन्हा म्हणाले, "अजून एकदा." तिसऱ्यांदा बघून झाल्यावर चष्मा काढून म्हणाले, "आमच्या एका केंद्रात उलट होतं. पेशंट होते, डॉक्टर नव्हता. कागदावर मात्र दोन्ही व्यवस्थित." आणि मग जे हसले ते ठसका लागेपर्यंत. मागे घेण्याचं बटण हाताशी, मध्ये जाहिरात नाही, पासवर्ड विसरलो म्हणून नातवाला हाक मारायला नको. माझ्या लेखी संच घेण्याचं कारण हेच. तुम्ही स्वतःसाठी विचारलं असतंत, तर नको म्हणालो असतो.

बाबांना ऐकायला कमी येत असेल तर इंग्रजी सबटायटल्स आहेत का, ते खोक्याच्या मागच्या बाजूला बघायला भावाला सांगा. ती नसतील तर सरळ पुस्तक द्या. लेखक तेच, अँटनी जे आणि जोनाथन लिन. मंत्र्याच्या डायरीच्या रूपात लिहिलंय आणि काही ठिकाणी मालिकेपेक्षाही धारदार आहे. इंग्रजी नकोच वाटलं, तर २००१मध्ये स्टार प्लसवर 'जी मंत्रीजी' आलं होतं, फारूख शेख मंत्री. शेख मला फार आवडतात, पण मूळ ते मूळ.

जाता जाता एक. इंग्लंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर या मालिकेच्या एवढ्या चाहत्या की १९८४मध्ये त्यांनी हॉथॉर्न आणि एडिंग्टन या दोन नटांबरोबर स्वतः एक छोटं प्रहसन केलं. हे बाबांना भेट देतानाच सांगा, मग ते पहिल्या भागापासून गुन्हेगार शोधायला बसतील.

वापरलेला संच मिळाला तरी चालेल, फक्त तबकड्या उजेडात धरून ओरखडे बघून घ्या. आमचा संच आता माझ्या कपाटात आहे. दुसऱ्या सत्राच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला सासऱ्यांनी पेन्सिलीने शेरा मारलाय: 'पाहिले. पुन्हा सादर करावे.' खाली सही आणि तारीख.