चुना, माती आणि सिमेंट : खानदेशातील वास्तूंविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या दीड-दोनशे वर्षांत खानदेशात उभ्या राहिलेल्या इमारतींविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. किल्ले, लेणी आणि हेमाडपंती देवळे यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून ती या वेळी बाजूला ठेवली होती. आलेल्या पत्रांपैकी काही थोडी संक्षिप्त करून उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : धुळ्यातील आमच्या घराच्या दर्शनी भागावर गोल खांबांच्या दोन जोड्या, वर त्रिकोणी माथा आणि त्यावर चुन्यात उठवलेला ‘१९८४’ हा आकडा आहे. वडिलांचा जन्म १९५२ साली याच घरात झाला, त्यामुळे तो आकडा आम्हाला कोड्यात टाकतो. आत मात्र चौक, लाकडी खांब आणि तक्तपोशी (फळ्यांचे छत), म्हणजे सरळ वाडाच आहे. सगळे या घराला ‘ब्रिटिशकालीन’ म्हणतात. आम्ही त्याची नोंद काय म्हणून करावी? (धुळे)

उत्तर : आकड्याचे कोडे बहुधा सोपे आहे. गुजराती आणि मारवाडी व्यापारी घराण्यांत विक्रम संवत लिहिण्याची पद्धत होती. संवतातून ५७ किंवा, महिना कोणता आहे त्यानुसार, ५६ वजा केले की इसवी सन मिळतो, म्हणजे आपला १९८४ हा इसवी सन १९२७-२८ ठरतो. शक असता तर ७८ मिळवावे लागले असते आणि उत्तर अजून न उजाडलेल्या वर्षात गेले असते, त्यामुळे ती शक्यता आपोआप बाद होते. मात्र हा आकडा घराचा आहे की केवळ दर्शनी भिंतीचा, हे तपासल्याखेरीज नोंदीत लिहू नये. जुन्या वाड्याला पुढून नवा ‘चेहरा’ चढवण्याची रीत त्या काळी सर्रास होती. दर्शनी भिंत बाजूच्या भिंतीला जिथे मिळते, तिथला गिलावा कुठे निखळला असेल तर विटा पाहाव्यात. दोन्ही भिंतींचे थर एकमेकांत दाते घालून गुंतलेले असतील तर बांधकाम एकाच वेळचे आहे, आणि तिथे वरपासून खालपर्यंत सरळ सांधा दिसत असेल तर पुढचा भाग मागाहून आला आहे.

‘ब्रिटिशकालीन’ या शब्दाविषयी आमचे मत स्पष्ट आहे. तो शब्द राज्य कोणाचे होते एवढेच सांगतो. घर कोणी बांधले, कोणाच्या पैशाने बांधले आणि कोणाच्या हातांनी बांधले, यांबाबत तो गप्प राहतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना तिथला कापूस विलायतेला पोहोचेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव चढले. नेमक्या त्याच वर्षांत मुंबईहून निघालेला लोहमार्ग चाळीसगाव, जळगाव आणि भुसावळपर्यंत आला. सरकी काढलेल्या कापसाच्या गाठी मुंबईला जाऊ लागल्या, आणि त्याच गाड्यांनी परतणाऱ्या व्यापाऱ्यांच्या डोळ्यांत मुंबईच्या पेढ्यांचे खांब, कमानी आणि कॉर्निस भरून आले. ग्रीक-रोमन परंपरेतून आलेल्या या रूपांना नव-अभिजात शैली म्हणतात. युरोपात हे खांब मुळात दगडाचे होते, आपल्याकडच्या गवंड्याने मात्र ते विटेत रचून वर चुन्याचा गिलावा घोटून घडवले. खांबाच्या शीर्षावरची पाने एकदा नीट निरखून पाहा. युरोपीय नमुन्यातील काटेरी अकँथसच्या जागी अनेकदा सरळसरळ कमळाची पाकळी आढळते. आमच्या मते ही नक्कल फसल्याची खूण नव्हे, कारागिराने परका नमुना स्वतःच्या हातवळणाने वाचल्याची ती खूण आहे. तेव्हा नोंदीत असे लिहावे : ‘चौकाचा वाडा, दर्शनी भाग नव-अभिजात वळणाचा, विटा व चुना, दर्शनी भागावर संवत १९८४.’ एवढे वाक्य ‘ब्रिटिशकालीन’पेक्षा पुष्कळ जास्त सांगते.

प्रश्न : धुळे शहराची सरळ रस्त्यांची आखणी विश्वेश्वरय्यांनी केली, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते खरे आहे का? (धुळे)

उत्तर : नाही. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा पहिला कलेक्टर झाला. त्याने धुळे हे ठाणे निवडले आणि १८१९ पासून कचेऱ्या व नवी पेठ उभी करण्यास सुरुवात केली, त्यासाठी दूरदूरहून कारागीर आणवले. विश्वेश्वरय्यांच्या जन्माला तेव्हा चार दशकांचा अवकाश होता. त्यांचा धुळ्याशी संबंध मात्र खरा आहे. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाल्यावर ते लवकरच खानदेशात आले, आणि दातर्तीजवळ पांझरेच्या खोऱ्यात नाल्याखालून पाणी नेणारा नळ-सायफन हे त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक होते. आखणीचे श्रेय त्यांना देण्याच्या भरात या सायफनचा आपल्याला विसर पडावा, हे मात्र आम्हाला खटकते.

प्रश्न : मी निवृत्त चित्रकला शिक्षिका आहे. आठवी-नववीच्या दहा-बारा मुलांना घेऊन गावातील जुन्या इमारतींची नोंद करावी, असे मनात आहे. आमच्यात वास्तुविशारद कोणी नाही. हे काम आम्हाला जमेल का, आणि सुरुवात कुठून करावी? (अमळनेर)

उत्तर : अवश्य जमेल, आणि आपले गाव त्यासाठी उत्तम आहे. एकाच गावात प्रताप मिलसारखी गिरणी, १९१६ साली स्थापन झालेले तत्त्वज्ञान मंदिर, शाळा, रेल्वे स्थानक आणि पेठेतील घरे इतक्या जवळजवळ खानदेशात फार थोड्या ठिकाणी सापडतील. तरीही पहिल्याच दिवशी मोठ्या इमारतीला हात घालू नका. एखाद्या ओळखीच्या, राहत्या, दोन मजली घरापासून सुरुवात करावी. तिथे मुलांना हाकलणारे कोणी नसते, उलट चहा मिळतो.

साहित्य फार लागत नाही. दोन टेप (एक लहान, एक तीस मीटरचा), ओळंबा, चौकटीचा कागद, पेन्सिली आणि एक फूट-फूट अंतरावर काळे-पांढरे पट्टे रंगवलेली काठी एवढे पुरते. घराभोवती आधी नुसते फिरून हातानेच अंदाजे नकाशा काढावा, मापे नंतर घ्यावीत. माप घेताना एक चूक सर्वजण करतात : दार तीन फूट, मग भिंत चार फूट, मग खिडकी अडीच फूट, असे तुकडे मोजून त्यांची बेरीज करतात, आणि प्रत्येक तुकड्यातील अर्ध्या इंचाची चूक शेवटी अर्ध्या फुटावर जाते. त्याऐवजी टेपचे शून्य एकाच कोपऱ्यात धरून टेप शेवटपर्यंत ताणावा आणि प्रत्येक कडेचे माप त्या एकाच शून्यापासून वाचावे. खोलीचे दोन्ही कर्णही मोजावेत. ते सारखे आले नाहीत तर खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात नाही. जुनी घरे सहसा गुण्यात नसतातच, कारण ती गल्लीच्या वळणाप्रमाणे बसवलेली असतात. कागदावर काटकोन काढून मोकळे होणारे नकाशे नेमकी हीच माहिती पुसून टाकतात. मापे फूट-इंचांत घेतली तर बांधणाऱ्याचा हिशेब लवकर ध्यानात येतो, कारण दोन खांबांमधले अंतर, म्हणजे खण, बहुतेक वेळा पूर्ण फुटांत निघतो. उंची मोजण्यास शिडी नसेल तर उघड्या विटांचे थर मोजावेत आणि दहा थरांची उंची काढून हिशेब करावा.

छायाचित्रे काढताना कॅमेरा वर तिरपा करू नये, समोरच्या घराच्या ओट्यावर किंवा गच्चीवर उभे राहून भिंतीला समांतर धरावा. पूर्वेकडे तोंड असलेल्या घराचे छायाचित्र सकाळी थोड्या तिरप्या उन्हात घेतले तर चुन्यातील नक्षी उठून दिसते. आपल्याकडच्या एप्रिलमधील बारा वाजताच्या उन्हात तीच नक्षी सपाट दिसते आणि मुलांचेही हाल होतात. प्रत्येक चित्रात ती पट्ट्यांची काठी असावी.

मात्र या कामाचा आमच्या मते सर्वांत मोलाचा भाग मापांचा नाही, कागदांचा आणि माणसांचा आहे. मापे आणखी दहा वर्षांनी घेता येतील, ऐंशी वर्षांचा गवंडी तेव्हा भेटणार नाही. त्याला ‘ही शैली कोणती’ असे विचारू नका. चुना कोणत्या घाणीवर मळला, त्यात काय घातले, लाकूड कुठून आले, मजुरी कशी होती, असे विचारा. घरमालकाकडे वाटणीपत्र, खरेदीखत किंवा जुना रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, आहे का, ते पाहावे. रोजमेळात सुताराला दिलेला एक रुपया घराचा इतिहास कसा उघडतो, हे मुलांना एकदा दिसले की ती पुन्हा स्वतःहून येतात. मालमत्ता पत्रक नगर भूमापन कार्यालयातून मिळते. लग्नाच्या जुन्या छायाचित्रांत वराच्या मागे दार असते, ओटा असतो, कधी कधी नंतर पाडलेला सज्जाही असतो. लोखंडी तुळईवर कारखान्याचे नाव उठवलेले असते आणि मंगळुरी कौलाच्या पाठीवर छाप असतो, त्यांचीही नोंद घ्यावी. कौले एका घरावरून काढून दुसऱ्या घरावर चढवली जातात, म्हणून केवळ त्यांवरून घराचे वय ठरवण्याची घाई करू नये.

प्रश्न : जळगावची महापालिकेची सतरा मजली इमारत, साठ-सत्तरच्या दशकांतील सिमेंटच्या शाळा आणि जिल्हा परिषदेच्या इमारती यांना कोणी ‘वारसा’ म्हटले तर ते हास्यास्पद ठरणार नाही का? (जळगाव)

उत्तर : आपल्याला हसू का येते, ते आम्ही समजू शकतो. या इमारतींत आपण रांगेत उभे राहिलो आहोत, दाखले काढले आहेत, आणि जिथे घाम गाळला ती जागा सुंदर वाटत नाही. परंतु वाड्यांनाही त्यांच्या काळी कोणी वारसा म्हणत नव्हते. १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि तालुक्या-तालुक्याला कचेरी, शाळा, दवाखाना बांधण्याचे पर्व आले. लांब ओवऱ्या, उन्हाला अडवणारी सिमेंटची जाळी, खिडकीवरचा खोल छज्जा आणि हवा आरपार जावी अशी एकामागे एक खोल्यांची रांग, हा पंचेचाळीस अंशांच्या उन्हाला दिलेला विचारपूर्वक जबाब होता. आज त्याच जाळ्या काचेने बंद करून आत वातानुकूलन यंत्रे बसवली जातात, तेव्हा त्या जबाबाची किंमत वीजबिलात कळते. सतरा मजली इमारत आम्हाला स्वतःला फारशी आवडत नाही, हे कबूल करतो. पण शहराने स्वतःविषयी काय स्वप्न पाहिले, हे तिच्याइतके स्पष्टपणे जळगावातील दुसरी कोणतीही इमारत सांगत नाही, आणि नोंद करण्यास तेवढे कारण पुरे आहे.

आधुनिक वास्तूंची नोंद आणि जतन यांसाठी ‘डोकोमोमो’ ही आंतरराष्ट्रीय संघटना १९८८ साली नेदरलँड्समध्ये सुरू झाली. मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूह २०१८ साली जागतिक वारसा यादीत आला. त्यातील आर्ट डेको इमारती मुख्यतः १९३०-४० च्या दशकांतील आहेत. उलट दिल्लीतील प्रगती मैदानावरचे, राज रेवाल यांनी रचलेले आणि १९७२ साली उभे राहिलेले ‘हॉल ऑफ नेशन्स’ २०१७ साली पाडण्यात आले. त्याचे वय साठ वर्षांपेक्षा कमी असल्याने ते वारसा ठरत नाही, हा मुद्दा तेव्हा पुढे आला होता. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यातही प्राचीन स्मारकासाठी किमान शंभर वर्षांची अट आहे. म्हणजे विसाव्या शतकातील बहुतेक इमारती त्या छत्राखाली येतच नाहीत.

एक गोष्ट आपल्याच भागातील. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा गांधीजींच्या सांगण्यावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी अधिवेशनाची तात्पुरती वसाहत, टिळकनगर, बांबू आणि गावात मिळणाऱ्या साहित्यातून सजवले. अधिवेशन संपले आणि ते सगळे उठले. खानदेशातील आधुनिक रचनेचा हा बहुधा सर्वांत धाडसी प्रयोग आज फक्त छायाचित्रांत आणि वर्णनांत उरला आहे. कोणीतरी तेव्हा कॅमेरा रोखला नसता, कोणी लिहून ठेवले नसते, तर तेवढाही उरला नसता.

प्रश्न : आमच्या घराच्या चुन्याच्या भिंतींना ओल येते. ठेकेदार सिमेंटचा गिलावा सुचवतो. करावा का? (नंदुरबार)

उत्तर : करू नये. चुन्याची भिंत ओल शोषते आणि उन्हात बाहेर सोडते. सिमेंटचा थर तिला बाहेर पडू देत नाही. ओल आतच वर चढते, क्षार विटांना पोखरतात, आणि दोन-तीन पावसाळ्यांनी नवा गिलावा विटेच्या पापुद्र्यासह सुटून येतो. आधी ओल कुठून येते ते शोधावे. बहुधा ओट्याभोवती टाकलेले काँक्रीट, तुंबलेले गटार किंवा फुटलेली पन्हळ यांपैकी काहीतरी सापडते. त्यानंतर मुरलेल्या चुन्याचाच गिलावा करावा. तसा गवंडी मिळवण्यास वेळ लागेल, पण थांबावे. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरालाही हाच नियम लागू आहे, पांढऱ्या मातीच्या धाब्यावर सिमेंटचा कोबा टाकून छताच्या लाकडी कड्या कुजलेली घरे आम्ही पाहिली आहेत.

प्रश्न : आईचे माहेरचे घर पुढील महिन्यात पाडले जाणार आहे. भावंडांचे एकमत आहे, आणि ते थांबवावे असे मलाही म्हणायचे नाही. माझ्याकडे दोन दिवस आहेत. काय करू? (चोपडा)

उत्तर : पहिल्या दिवशी सकाळी सामान हलवण्याआधी प्रत्येक खोलीच्या चारही कोपऱ्यांतून छायाचित्रे घ्यावीत. देवघराची देवळी, चूल, दळणाची जागा, बाळंतिणीची खोली यांचे रिकाम्या भिंतींपेक्षा भरलेल्या अवस्थेतील चित्र महत्त्वाचे आहे. दुपारी आईला घरातून सावकाश फिरवून प्रत्येक जागी तिथे काय होत असे ते बोलायला सांगावे आणि ध्वनिमुद्रण करावे. मध्ये दुरुस्त्या सुचवू नयेत, तारखा चुकल्या तरी चुकू द्याव्यात. दुसऱ्या दिवशी दोन्ही मजल्यांचा मापांसह नकाशा आणि जिन्याची मापे घ्यावीत, जिना सर्वांत हमखास विसरला जातो. छायाचित्रांना क्रमांक देऊन तेच क्रमांक नकाशावर, ज्या जागी उभे राहून चित्र काढले तिथे लिहावेत. एक प्रत घरी, एक भावंडांकडे आणि एक गावच्या वाचनालयात ठेवावी.

आणि शक्य असेल तर पाडण्याच्या दिवशीही तिथे जावे. ते पाहणे जड जाईल, पण भिंत उघडते तेव्हाच विटांचे थर, आधीच्या दाराची बुजवलेली चौकट आणि तुळईवरचा छाप पहिल्यांदा दिसतो, आणि दुपारपर्यंत ते सगळे ट्रॉलीत भरून गेलेले असते. ठेकेदाराला आधीच सांगून ठेवावे, की माजघरातील नक्षीच्या फरशीचा एक तुकडा आणि एक अखंड वीट आपल्यासाठी बाजूला ठेवावी.