मुळाशी तेलकट, टोकाला रखरखीत: मास्क राहू द्या, आधी सोडा थांबवा

तुम्ही लिहिलंय की केस मुळाशी दुसऱ्याच दिवशी तेलकट होतात, टोकं रखरखीत आहेत आणि विंचरताना तुकडे पडतात. सलॉनमध्ये 'कंडिशनरनेच केस गळतात' असं ऐकून तो बंद केलात, मग कुणाच्या तरी सल्ल्याने खाण्याच्या सोड्याने केस धुऊन वर व्हिनेगरचं पाणी घ्यायला लागलात. आता प्रश्न आहे की प्रोटीन मास्क कुठला घ्यावा. ही अख्खी साखळी माझ्या चांगलीच ओळखीची आहे, म्हणून उत्तर लांबणार.

मास्क आत्ता घेऊ नका. आधी सोडा बंद करा, आजपासून.

सोड्याच्या पाण्याचा पीएच (7 च्या खाली आम्ल, वर अल्कली असं सांगणारा आकडा) 8 च्या वर असतो. डोक्याच्या त्वचेचा साधारण 5.5 आणि केसाचा त्याहूनही कमी. केसावर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले असतात. अल्कलीत केस फुगतो, हे खवले उचलले जातात, पृष्ठभागावरचा ऋण (निगेटिव्ह) विद्युतभार वाढतो आणि केस एकमेकांवर घासायला लागतात. खवल्यांवर एक अतिशय पातळ स्निग्ध थर मुळातच चिकटलेला असतो, त्यामुळे निरोगी केस बोटांतून सुळकन निसटतो. वारंवार अल्कली लागली की तो झिजतो आणि केसाच्या त्या भागावर पुन्हा येत नाही, कारण त्वचेबाहेरचा केस जिवंत नसतो. त्यात न विरघळलेले सोड्याचे कण चोळले गेले तर घासून निघतो ते वेगळंच.

हा उपाय फसवतो कारण पहिल्या एकदोन धुण्यांत जुनं तेल आणि साचलेला थर निघतो, केस हलके वाटतात. मग बट चिमटीत धरून ओढली की ती करकर वाजते आणि माणूस खूश होतो. ते करकरणं स्वच्छतेचं लक्षण नाही, घर्षण वाढल्याचं आहे. नंतरच्या व्हिनेगरने पीएच खाली येतो, खवले थोडे बसतात, पण तुटलेला खवला आणि गेलेला थर परत येत नाही. काही जण दोन्ही एकत्र करून लावतात, त्याला तर काहीच अर्थ नाही: दोघं एकमेकांना मारतात, फसफसून वायू निघून जातो आणि उरतं बहुतांशी खारट पाणी.

आता कंडिशनर. 'केस गळतात, तो बंद करा' हा सल्ला ऐकला की मला मनापासून राग येतो, कारण नुकसान झालेल्या केसाकडून त्याची एकमेव ढाल काढून घेतली जाते. रोज 50 ते 100 केस गळणं नैसर्गिक आहे. तीन दिवसांनी डोकं धुतलं तर तीन दिवसांचे सुटे केस एकदम हाताला लागतात, आणि नेमके कंडिशनर लावताना निसटतात म्हणून दोष त्याच्यावर जातो. खात्री करायची असेल तर हातात आलेला केस पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. पूर्ण लांबीचा आणि एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून गळलेला. आखूड, गाठ नाही, टोक फाटलेलं असेल तर तो तुटलेला. तुमच्या वर्णनावरून तुमचा त्रास तुटण्याचा वाटतो, आणि तुटण्यावर कंडिशनर हाच उपाय आहे. त्यातले घटक, उदाहरणार्थ बेहेनट्रायमोनियम क्लोराइड, धन भाराचे असतात. ते केसाच्या खराब झालेल्या, जास्त ऋण भार असलेल्या जागी जास्त चिकटतात. लेबलवर सीटाइल किंवा स्टिअरिल अल्कोहोल दिसलं तर घाबरू नका, ती मेणासारखी स्निग्ध द्रव्यं आहेत, केस कोरडे करत नाहीत.

धुण्याची पद्धत बहुतेक जण उलटी करतात. शाम्पू डोक्याच्या त्वचेसाठी, कंडिशनर लांबीसाठी. खांद्यापर्यंतच्या केसांना साधारण 5 मिली शाम्पू पुरतो. तो मगात तिप्पट-चौपट पाण्यात हलवून घ्या, म्हणजे एकाच जागी घट्ट गोळा बसत नाही. (हे ऐन वेळी करायचं. बाटलीतच पाणी घालून ठेवलं तर त्यातलं जंतुरोधक पातळ होतं आणि जंतू वाढतात.) नखांनी नव्हे, बोटांच्या पेरांनी मुळाशी चोळा. केस डोक्यावर गोळा करून कपड्यासारखे खसाखसा घासू नका. खाली उतरणारा फेस टोकांना पुरेसा असतो, तिथे वेगळा शाम्पू नको. तेल लावलेलं नसेल तर दुसऱ्यांदा शाम्पू लावायची गरज सहसा पडत नाही. पाणी कोमट. शेवटी गार पाणी घेतल्याने खवले 'बंद' होतात यावर माझा विश्वास नाही. आवडत असेल तर घ्या, तोटा काही नाही.

मग केस हाताने दाबून पाणी काढा, पिळू नका. ही पायरी गाळली तर कंडिशनर पाण्याबरोबरच वाहून जातो. 10 ते 15 मिली कंडिशनर कानाच्या खालच्या भागाला लावा, मुळांना नाही. दोन-तीन मिनिटं ठेवा आणि तेवढ्यात मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर येत गुंता सोडवा. ओला केस आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के पाणी पितो, फुगतो, जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून ओल्या केसात कंगवा घालायचा तर कंडिशनर असतानाच. सरळ केसांना त्यानंतर अर्धवट वाळेपर्यंत कंगवा नको. टॉवेलने रगडणं बंद. सुती कापडाने दाबून पाणी टिपा. ड्रायर लागतच असेल तर 15 सेंटीमीटर अंतरावर, सतत हलवत. ओल्या केसावर स्ट्रेटनर कधीच नाही: आतलं पाणी उकळून केसात बुडबुडे होतात आणि तिथेच तो तुटतो.

मुळं तेलकट असतील तर एक दिवसाआड, अगदी रोज धुतलं तरी चालतं, शाम्पू सौम्य हवा. 'कमी धुवा म्हणजे तेल कमी सुटेल' हे मला पटत नाही. तेल किती सुटायचं हे मुख्यतः हार्मोन ठरवतात.

धुण्याआधी काही तास लांबीला खोबरेल लावणं चांगलं. ते केसात शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. पण कोंडा असेल तर डोक्याच्या त्वचेला तेल नको, कोंड्याशी संबंधित मॅलासेझिया यीस्ट (त्वचेवरची एक बुरशी) त्यावरच पोसतं. कोंड्याचा शाम्पू वापरत असाल तर तो तीन ते पाच मिनिटं ठेवावा लागतो, लगेच धुतला तर फुकट जातो. पाणी जड (क्षारांचं) असेल तर महिन्यातून एकदोनदा चिलेटिंग, म्हणजे क्षार धरून काढणारा शाम्पू वापरा, कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर निघतो. अंगाच्या साबणाने केस धुऊ नका, जड पाण्यात त्याचा चिकट साका बसतो.

एक सांगायला हवं, मी डॉक्टर नाही. गोल टक्कल पडत असेल, पांढऱ्या गाठीचे केस महिनोन्महिने जास्त गळत असतील किंवा खाज येऊन खपल्या धरत असतील तर हे सगळं बाजूला ठेवा आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

मास्कबद्दल: प्रोटीन खराब जागी तात्पुरतं बसतं आणि धुण्यासोबत जातं. जास्त झालं तर केस ताठ वाटतात. फाटलेलं टोक कुठलीही बाटली जोडत नाही. सोडा सोडून कंडिशनर सुरू केलात की स्पर्शातला फरक दोन-तीन धुण्यांत कळेल. पण केस महिन्याला सुमारे 1 सेंटीमीटर वाढतात, म्हणजे 30 सेंटीमीटर लांबीच्या केसाचं टोक अडीच वर्षांचं असतं, आणि सोड्याने खराब झालेली लांबी कापली जाईपर्यंत तशीच राहणार. आत्ता 2-3 सेंटीमीटर कापून घ्या, नाहीतर फाटा वर चढत जातो आणि पुढे जास्त कापावं लागतं.