रात्री दिसत नाही, म्हणजे आंधळा होणार का मॅडम?

हा प्रश्न मी यवतमाळकडच्या खेड्यांत समुपदेशन करताना इतक्यांदा ऐकलाय की आता माणूस दारात उभा राहिला की कळतं. हरभऱ्याचं ओलित सुरू झालं की जास्तच, कारण लाईन रात्री येते आणि साठीतली माणसं मोटर सुरू करायला अंधारात धुऱ्यावरून जातात.

असेच एक काका, वय 61. "पोट्टा बिनाबॅटरीचा सरसर जाते अन् मी दोनदा नालीत पडलो. माह्या बापाचेबी डोये असेच गेले." वडिलांना काचबिंदू होता. मी आधी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं, कारण काचबिंदू घराण्यात असला तर रक्ताच्या नात्यात धोका वाढतो आणि तिथे नुसत्या समजुतीने भागत नाही. डोळ्यांचं प्रेशर, नस, पडदा सगळं तपासलं, वयाच्या मानाने ठीक निघालं. तरी काका जागलीला जाईनात, संध्याकाळ झाली की बाजेवर. "रिपोर्टात नसन आलं, पण मले मालूम आहे ना."

तीन भेटी मी समजावत होते. डोळ्याच्या नसेत साधारण 10-12 लाख बारीक तंतू असतात, निरोगी माणसाचेही वयाबरोबर दरवर्षी काही हजार गळतात. पडद्यावर अंधारात बघणाऱ्या पेशी वेगळ्या आणि उजेडात वाचायच्या, रंग ओळखायच्या वेगळ्या, त्यातल्या अंधारवाल्या आधी कमी होतात, म्हणून दिवसा कापूस वेचताना काही वाटत नाही अन् रात्री गडबड. त्यात बाहुली लहान होते, भिंग पिवळसर पडतं, साठीत पडद्यावर पोचणारा उजेड विशीतल्या पोराच्या साधारण एक तृतीयांश. काका मान डोलवायचे आणि घरी जाऊन परत बाजेवर!

चौथ्या भेटीला, थंडीचे दिवस, साडेसहा वाजले असतील, लाईन गेली. पंचायतीची खोली एकदम काळीकुट्ट. मी खुर्चीतच चाचपडत, माझा मोबाईल खुंटीवरच्या पर्समध्ये. माझ्यासोबतची 23 वर्षांची पोरगी मिनिटभराने उठली, बाकडं-खुर्च्या चुकवत गेली अन् पर्स आणून माझ्या हातात दिली.

अंधारातून काकांचा आवाज, "मॅडम, तुमालेबी दिसून नाही राहिलं का?"

"नाही हो काका, मी 54 ची आहे."

"अन् या पोरीले दिसते."

"हाव."

बराच वेळ काही नाही. मग ते हसायला लागले, मोठ्याने. "म्हणजे मी पोट्ट्याच्या डोयानं माहे डोये मोजून राहिलो होतो."

एवढ्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मला हे वाक्य फार आवडलंय. माझा कल पहिल्यापासून विचार तपासण्याकडे, भीतीला पुरावा मागायचा. पण मी पुरावा कागदावरचा देत होते आणि त्यांना हवा होता समोर बसलेला. खरं काम लाईनीने केलं, मी फक्त घाईघाईत टॉर्च लावला नाही, एवढं श्रेय मात्र घेते.

आता तुमच्यासाठी. उजेडातून अंधारात आलात की लगेच चालू नका, पाच-दहा मिनिटं थांबा, वयाने डोळे अंधाराला रुळायला जास्त वेळ लागतो. डोक्याला बांधायची बॅटरी घ्या, त्यात लाज कसली. धुऱ्यावर वळणाला चुना मारा, करड्या मातीवर पांढरं लवकर दिसतं. चाळिशीनंतर नसेची तपासणी करत राहा, घरात काचबिंदू असेल तर नक्कीच, कारण तो बहुतेकदा कडेची नजर गुपचूप खातो, दुखतही नाही. शुगर असेल तर पडदा दरवर्षी दाखवा. आणि डोळ्यासमोर एकदम काळे ठिपके वाढले, विजेसारखं चमकायला लागलं किंवा कडेने काळा पडदा सरकल्यासारखं झालं तर ते वय नव्हे, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, बाजाराच्या दिवसाची वाट बघू नका.

काका परत जागलीला जातात. बॅटरी घेतली, पण चुना त्यांनी पोराला मारायला लावला, आणि तो म्हणे वाकडा मारला.