संगणक-शंका : घरचा सर्व्हर

प्रश्न : माझ्याकडे २०१६ साली घेतलेला ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. त्यावर विंडोज ११ बसत नाही. दुसरीकडे, घरातल्या सगळ्या छायाचित्रांसाठी क्लाउडचे भाडे दर महिन्याला भरावे लागते. या लॅपटॉपवर लिनक्स टाकून तोच घरचा फोटो-सर्व्हर करता येईल का? मी निवृत्त शिक्षिका आहे. प्रोग्रामिंग येत नाही.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : करता येईल, आणि त्यासाठी प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. सूचना शांतपणे वाचण्याची आणि काय केले ते वहीत टिपून ठेवण्याची सवय मात्र हवी. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. त्यामुळे आपल्यासारखे असंख्य धडधाकट लॅपटॉप कपाटात जाऊन पडले आहेत. विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स या मोफत कार्यप्रणालीसाठी ते वय काहीच नाही.

सर्व्हरसाठी माझी निवड डेबियन, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. १९९३ पासून स्वयंसेवक ती चालवत आले आहेत, आणि तिच्या प्रत्येक स्थिर आवृत्तीला दीर्घकालीन पाठिंबा धरून सुमारे पाच वर्षे सुरक्षा-सुधारणा मिळतात. स्थापना करताना चित्रमय डेस्कटॉप निवडू नये. केवळ मूलभूत साधने आणि एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देण्याची सोय) एवढेच घ्यावे, म्हणजे रॅम मोकळी राहते आणि पुढची सारी कामे घरातल्या दुसऱ्या संगणकावरून करता येतात. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपी जाऊ नये ही सेटिंग आणि सुरक्षा-सुधारणा आपोआप बसवणारे पॅकेज, या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी उरकाव्यात. त्यानंतर डॉकर, म्हणजे प्रत्येक सेवा वेगळ्या डब्यात चालवणारे साधन, आणि त्यावर इमिच हा छायाचित्रे सांभाळणारा प्रोग्राम. इमिचचे मोबाइल ॲप फोनमधली छायाचित्रे आपोआप सर्व्हरवर चढवते आणि चेहरे ओळखून त्यांची वर्गवारीही करते. चेहरे ओळखण्याचे हे काम आपल्याच यंत्रावर होते, त्यासाठी नातवंडांचे फोटो कुठल्याही कंपनीकडे जात नाहीत. कागदपत्रे, संपर्क आणि दिनदर्शिका यांसाठी नेक्स्टक्लाउड उत्तम आहे, पण ते नंतर. एका वेळी एकच सेवा नीट चालती करावी.

इथवरचे काम एखाद्या शनिवार-रविवारी होऊन जाते, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात, याची मला खरी काळजी वाटते. क्लाउडच्या भाड्यात केवळ जागेचे पैसे नसतात. डिस्क बिघडली तर दुसरी प्रत तयार ठेवण्याची जबाबदारीही त्यात असते, आणि भाडे बंद केले की ती जबाबदारी घरी येते. इमिचचे निर्मातेही छायाचित्रे केवळ याच ॲपच्या भरवशावर ठेवू नका, असे बजावतात. म्हणून प्रती तीन असाव्यात : एक सर्व्हरवर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या पत्त्यावर. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी रेड पद्धत बॅकअप म्हणून धरू नये, कारण चुकून खोडलेला फोटो ती दोन्हीकडून तत्परतेने खोडते. तिसऱ्या प्रतीचे महत्त्व मुंबईकरांना वेगळे सांगायला नको : २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यांवरच्या घरांत कपाटातले मूळ अल्बम आणि त्यांच्या शेजारी जपून ठेवलेल्या निगेटिव्ह एकदमच भिजल्या. पुण्यात किंवा नाशिकला नातेवाईक असतील तर एक डिस्क त्यांच्याकडे ठेवावी आणि दर भेटीत बदलावी. रेस्टिक किंवा बोर्ग या प्रोग्रामपैकी एकाने बॅकअप घेतल्यास तो कूटबद्ध, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारा, ठेवता येतो, त्यामुळे डिस्क हरवली तरी मजकूर उघड होत नाही. आणि वर्षातून दोनदा तरी त्या बॅकअपमधून एखादा जुना महिना प्रत्यक्ष परत काढून पाहावा. त्याशिवाय त्या प्रतीवर विश्वास ठेवू नये. या तीन प्रती तयार होईपर्यंत क्लाउडचे भाडे बंद करू नये, अशी माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : घरी फायबर कनेक्शन आहे. सर्व्हर घरात व्यवस्थित चालतो, पण राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट, उघडूनही बाहेरून, लोकलमधून किंवा कचेरीतून, तो सापडतच नाही. कुठे चुकते आहे?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : बहुधा आपले काहीच चुकत नाही. राउटरच्या पानावर बाहेरच्या जोडणीचा, म्हणजे वॅनचा, आयपी पत्ता (इंटरनेटवरचा ओळख-क्रमांक) पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतला असेल, तर आपली कंपनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते आहे. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण सुमारे ४३० कोटीच पत्ते आहेत आणि ते केव्हाच अपुरे पडले. म्हणून ही मालिका २०१२ साली खास या व्यवस्थेसाठी राखून ठेवली गेली. बाहेरून आलेली विनंती कंपनीच्या यंत्रापर्यंत पोहोचते आणि तिथेच संपते. आपल्या राउटरपर्यंत ती येतच नाही.

महिन्याला वेगळे पैसे भरून स्थिर पत्ता घेता येतो, पण पत्ता मिळाला तरी सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा ठेवावा, असे मी सुचवणार नाही. उघडलेल्या पोर्टवर पासवर्ड चाचपणारे स्वयंचलित प्रोग्राम अहोरात्र येत असतात. त्यापेक्षा फोन आणि सर्व्हर यांच्यात वायरगार्डचा खासगी बोगदा, म्हणजे इतरांना न वाचता येणारी कूटबद्ध जोडणी, घालावा. २०२० पासून तो लिनक्सच्या गाभ्यातच आहे. सार्वजनिक पत्ता नसताना हाच बोगदा टेलस्केल ही सेवा जुळवून देते आणि वैयक्तिक वापरासाठी तिची मोफत योजना आहे. यंत्रांची ओळखपरेड मात्र त्या कंपनीच्या सर्व्हरवरून होते. ते पटत नसेल तर हेडस्केल हा मुक्त पर्याय आहे, पण त्यासाठी सार्वजनिक पत्त्याचे एक यंत्र भाड्याने घ्यावे लागते. सुरुवात टेलस्केलने करावी.

प्रश्न : चोवीस तास यंत्र चालू ठेवल्याने विजेचे बिल किती वाढेल?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : पडदा बंद ठेवलेला लॅपटॉप १५ वॅट घेतो असे धरले, तर महिन्याचे साधारण ११ युनिट होतात, ६० वॅट खाणारा जुना डेस्कटॉप ४३ युनिटपर्यंत जातो. आपले बिल कोणत्या टप्प्यात आहे त्यावर रुपये ठरतील. लॅपटॉपची बॅटरी वीज गेल्यावर उपयोगी पडते, मात्र सतत पूर्ण चार्जवर आणि आपल्याकडच्या उकाड्यात ती फुगण्याचा धोका असतो. काही लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवता येते. तशी सोय असेल तर ती जरूर वापरावी. माळ्यावर किंवा बंद कपाटात यंत्र ठेवू नये.

प्रश्न : घरातले सारे मीच सांभाळतो. मी नसलो, तर बायको-मुलांना फोटो मिळतील का?
— एक वाचक, परळ

उत्तर : हा प्रश्न या सदराकडे फार कमी वेळा येतो, आणि तो प्रत्येकाने विचारायला हवा. इमिचमध्ये छायाचित्रे वर्ष-महिन्याच्या फोल्डरमध्ये साध्या फाइल म्हणून ठेवण्याची सोय आहे; ती सुरू करावी. डिस्कवर फाइल मांडण्याची लिनक्सची नेहमीची एक्स्ट४ ही रचना विंडोज सहजासहजी वाचत नाही, आणि कूटबद्ध बॅकअप पासवर्डशिवाय कोणालाच उघडत नाही. म्हणून या सर्वांखेरीज एक डिस्क विंडोजलाही वाचता येणाऱ्या एक्सफॅट रचनेची ठेवावी, तिच्यावर छायाचित्रांची साधी नक्कल दर दोन-तीन महिन्यांनी करावी आणि ती विम्याच्या कागदांसोबत ठेवावी. सोबतच्या कागदावर राउटरचा, सर्व्हरचा आणि बॅकअपचा पासवर्ड लिहावा आणि त्यासोबत मराठीत क्रमवार सूचना द्याव्यात. मग एखाद्या रविवारी पत्नीच्या हाती ती डिस्क आणि तो कागद द्यावा, त्यांना त्यांच्या संगणकावर छायाचित्रे उघडायला सांगावे, आणि जिथे त्या अडतील तिथे कागदावरची सूचना सुधारून घ्यावी.