एलआयसी एजंट वारल्यावर रिन्युअल कमिशनचं काय होतं?

घाबरू नकोस, ग्राहकाच्या दुसऱ्या वर्षापासूनच्या हप्त्यांवर मिळणारं हे कमिशन तुझ्याबरोबर संपत नाही. एलआयसीत त्याला हेरिडिटरी कमिशन म्हणतात. एजन्सी चालू असताना एजंट वारला आणि किमान सेवा व चालू पॉलिसींची अट पूर्ण असेल, तर कमिशन नॉमिनीला किंवा वारसांना मिळत राहतं. तुझी अट काय आहे ते विकास अधिकाऱ्याला आजच विचार. नवी एजन्सी असताना हे कुणी आपणहून सांगत नाही.

पण मिळतं ते हप्ता भरला तरच. समजा दर ५ टक्के धरला, तर ४०,००० च्या हप्त्यावर वर्षाला २,०००. ग्राहकाने पॉलिसी लॅप्स केली की तेवढे गेले. सिंगल प्रीमियम, म्हणजे एकदाच हप्ता भरायच्या पॉलिसींमागे पळणाऱ्यांच्या घरी मागे काहीच उरत नाही, हे माझं स्पष्ट मत.

सुरुवातीला एवढंच कर:

- एजन्सीच्या फाइलमध्ये नॉमिनेशन आहे का, ते शाखेत जाऊन बघ. लग्नाआधी वडिलांचं नाव दिलेलं असतं आणि पुढे तेच राहतं, ही सर्रास होणारी चूक. स्वतःच्या पॉलिसीतलं नॉमिनेशन इथे चालत नाही, हे वेगळं.
- नॉमिनीचं नाव आधार आणि बँक पासबुकावर अक्षर न् अक्षर जुळू दे.
- एजन्सी कोड आणि शाखेचा नंबर घरच्यांना लिहून दे.

ग्रॅच्युइटी, टीडीएस, जास्त धंदा करणाऱ्या एजंटांच्या क्लबचे फायदे हे सगळं नंतर. आधी पहिल्या वर्षाच्या पॉलिसींचे दुसरे हप्ते वेळेवर भरून घे.