भावाला स्किझोफ्रेनिया आहे, माझं लग्न ठरतंय. माझ्या मुलांना होईल का? खानापूरहून (बेळगाव जिल्हा) कुठे विचारू?

होणारच असं अजिबात नाही: भावंडाला आजार आणि तुम्ही स्वतः ठणठणीत असाल, तर तुमच्या मुलांना धोका शंभरात साधारण 3-4 इतका धरतात. एरवी तो शंभरात एकाच्या आसपास असतो. आई किंवा वडिलांनाच आजार असेल तर 10 च्या जवळ. हे आकडे अनेक कुटुंबांच्या अभ्यासांतून आलेत. ‘होईल की नाही’ सांगणारी रक्ततपासणी नाही, कुणी विकत असेल तर पैसे वाचवा. आजार वंशात उतरण्याबद्दल जे समुपदेशन होतं, त्यात मुख्य काम तीन पिढ्यांची वंशावळ काढण्याचं. म्हणून धारवाडच्या डिमहान्सला (सरकारी मानसोपचार संस्था) जाताना भावाचं डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांच्या चिठ्ठ्या न्या, आणि आईला आधी नीट विचारा. ‘आजीच्या अंगात यायचं’, ‘आत्या विहिरीत पाय घसरून पडली’ असं घरात सांगतात, त्यामागे खरं काय होतं तेही. जायच्या आधी बोलायचं असेल तर टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416, मोफत. मात्र स्थळ मामाच्या घरातलंच असेल आणि आजार आईच्या माहेरचा असेल, तर वरचा आकडा धरू नका. दोन्ही बाजूंची वंशावळ एकत्र मांडायला सांगा.